भिंतीची माती कणगीला

भिंत खरवडा, असं तुम्ही सांगितलंत. खरवडलेल्या मातीचं काय करायचं, हे आम्ही तुम्हाला विचारलं. तुम्ही ऐकलंत, हसलात, आणि म्हणालात, काय वाटेल ते करा. आता तुमचं खातं म्हणतं की असं कुणी बोललंच नाही. बोललात. आमच्या ओट्यावर बसून, आमची कपबशी हातात धरून बोललात. खोटं तुम्ही बोलताय, आम्ही नाही.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की लोक म्हणतील, एक माणूस वाईट निघाला, त्याची बदली करा, विषय संपला. तुमची बदली झालीच आहे. तुमच्या जागी दुसरे आलेत आणि तेही तेच सांगतात. म्हणून मी खुर्चीला लिहिते. खुर्चीवर जो बसला असेल त्यानं वाचावं.

आमचं गाव तापीच्या काठाला, शहाद्याच्या बाजूला. गुजरांची वस्ती, केळी आणि कापूस. घर धाब्याचं, भिंती मातीच्या. माझी सासू अनुसयाबाई. सासरा मोतीलाल हिवतापानं गेला, तेव्हा माझी नणंद मीना पाळण्यात होती. माझा नवरा चुनीलाल, जिनिंगच्या ऑफिसात कारकून. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं आमच्यात, पण न घेता गोष्ट सांगायची कशी? घेतलं. आणि मी कोकिळा.

माजघरात शिरलं की समोर जी भिंत दिसायची तिला ओकळीची भिंत म्हणायचे. शेणामातीत गव्हाचं भूस कालवून तो गिलावा भिंतीवर थापायचा आणि ओला असतानाच चार बोटं रोवून ओढायची. बोटांच्या मागे कमानी उठतात, एकीला लागून दुसरी, तिच्या पोटात तिसरी. तापीच्या वाळूवर पाणी उतरल्यावर जशा वळ्या राहतात, तशी सगळी भिंत. ह्या कमानी म्हणजे ओकळ्या. दर दिवाळीला जुन्या थरावर नवा थर चढायचा. जुना काढायचा नाही. आणि ज्या वर्षी घरात नवी सून आली असेल त्या वर्षी पहिला हात तिचा. असं करत करत भिंत इतकी फुगली होती की कोनाड्याची चौकट आत बुडाली होती आणि दिवा ठेवायला कोपरापर्यंत हात घालावा लागायचा.

माझ्या पहिल्या दिवाळीला माझी बोटं घसरली आणि ओकळ्या वाकड्या गेल्या. सासू मागे उभी होती.

"हाई काय वं? आठे बैल मुतना का?"

सगळ्या बायका हसल्या. मी रडकुंडीला आले. मी पुसायला हात उचलला, तर तिनंच धरला. "ऱ्हाऊ दे. तुन्हा हात शे तो."

मग तुमचे लोक यायला लागले. खाकी चड्ड्या, हातात पंप, बादलीत पांढरं पाणी. हिवतापाची फवारणी. दारातूनच ओरडायचे: पीठ झाका, पाणी झाका, देव झाका! का झाका ते सांगायचे नाहीत. भिंती ओल्या करून जायचे आणि दारावर तारीख रंगवायचे. वाळल्यावर ओकळीच्या प्रत्येक खाचेत पांढरी पावडर बसलेली दिसायची. आणि जाताना दम: आता लिंपायचं नाही.

कधी ऐकलं, कधी नाही ऐकलं. दिवाळीला घर लिंपणार नाही अशी बाई तापीकाठी अजून जन्मायची आहे. त्यामुळे भिंतीत एक थर मातीचा, त्याच्यावर तुमच्या पावडरीचा, पुन्हा मातीचा, पुन्हा पावडरीचा. मांड्याची घडी उलगडावी तसे पदर होते तिला.

इथं एक सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल अडाणी बायका औषधाच्या विरुद्ध आहेत. आम्ही विरुद्ध नव्हतो. पंप यायला लागल्यावर गावात थंडी वाजून गोधडीखाली पडणारी माणसं कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सासू तर पंपवाल्यांना गूळ-पाणी द्यायची. म्हणायची, ही पोरं आधी आली असती तर माझ्या लेकरांचे वडील राहिले असते.

तर साठ सालचा उन्हाळा. मुंबईत नवं राज्य व्हायचं होतं आणि आमच्या घरी मीनाचं लग्न. होळी झाली, रब्बीची दादर घरात आली. दादर म्हणजे आमची ज्वारी, मोत्यासारखी. वर्षभर घर तिच्यावर चालतं. आमचं चालतं आणि आमचा सालदार सुरुपसिंग, वर्षाच्या बोलीवरचा गडी, त्याचंही चालतं. त्याच्या सालात दादर धरलेली असते, आणि ती आमच्याच कणगीतून जाते.

अशात तुम्ही आलात. मोठे साहेब पाहणीला येणार, त्यांना दाखवायला एक घर हवं, आणि आमचं घर रस्त्याला लागून. तुम्ही माजघरात डोकावलात.

"ही भिंत आहे की नांगरलेलं शेत?"

चुनीलाल तुमच्याहून जोरात हसला. त्याला ही भिंत नकोच होती. बहिणीच्या लग्नाला नंदुरबारच्या सेठ लोकांसारखी चोपडी भिंत पाहिजे, चुन्यात नीळ टाकून, अशी त्याची हौस होती. सासूनं त्याला दोनदा हाकलून लावलं होतं. आता त्याला साहेब मिळाला.

तुम्ही म्हणालात, "डास ह्या खाचांतच बसतात. सगळं खरवडून काढा, अगदी मूळ भिंतीपर्यंत. गुळगुळीत करा, चुना मारा. पुढच्या खेपेला मला हे दिसायला नको."

सासू ओट्यावर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तुमच्यासमोर बसली नाही, उभी राहिली.

"सायेब, खरडूत. पोरगीनं लगीन शे, आम्हले बी घर नवं करनं शे. पन एक सांगा. ह्या मातीमा तुम्हनं औषध शे ना?"

"आहे ना. म्हणून तर डास मरतात."

"आनि मानूस?"

"माणसाला काही होत नाही हो आजी. आमची माणसं रोज हातानं कालवतात."

"मंग ह्या मातीनं काय करू?"

तेव्हा तुम्ही चहाचा घोट घेतलात. "काय वाटेल ते करा. घराला लावा, शेतात टाका. माती ती माती."

मी दारात होते. मीना माझ्या मागे होती. सुरुपसिंग अंगणात बैलांना पाणी दाखवत होता. विचारा त्याला. पण त्याला तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे.

सासूनं तुमच्यावर विश्वास ठेवला. ही तिची चूक म्हणायची असेल तर म्हणा.

चुनीलालनं खुरपं घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी भिंतीला भिडला. वरची खपली सहज निघाली, खालची चिवट. धूळ अशी उडाली की माजघरात माणूस माणसाला दिसेना. आम्ही तोंडाला पदर बांधले. चुनीलाल शिंकून शिंकून बेजार. डोळे लाल, नाक वाहतंय, तरी हौस जाईना. माझी वाकडी ओकळी निघाली, तिच्या खालची सासूची निघाली, तिच्या खालची कुणाकुणाची. सासू उंबऱ्यावर बसून राहिली. ती रडली नाही. तिनं फक्त एक बजावलं.

"हाई माती उकिरडावर टाकानी नही."

ही आमची रीत. तुम्हाला ठाऊक नसेल, आणि तुम्ही विचारलंही नाही. ओकळीची खपली पडली तरी ती माती फेकत नाहीत. तिच्यात घरच्या बायकांचे हात गेलेले असतात. ती कणगीला जाते. कणगी म्हणजे तुरीच्या काड्यांची विणलेली, पुरुषभर उंचीची कोठी. आतून-बाहेरून मातीनं लिंपली की वर्षाचं धान्य तिच्यात राहतं. जुनी माती मुरलेली असते, तिला भेगा पडत नाहीत. आणि ज्या हातांनी घर लिंपलं ते हात धान्याभोवती राहिले तर धान्याला बरकत, असं आमच्या बायका मानतात. मीही मानत होते.

अंगणात ती माती चाळली, भिजवली, भूस टाकलं. मी आणि मीना साड्या खोचून तुडवायला उभ्या राहिलो.

"वहिनी, मन्हं लगीन शे आनि तुम्ही माले चिखल तुडवाले लावतस?"

"मंग सासरे जाईसन काय लोनी तुडवशी?"

"जवाई लोनी खातस म्हने."

"खाऊ दे. हागी बी लोनीच का?"

सासूनं आतून ओरडून दोघींना गप्प केलं, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. आतलं लिंपण तिनं स्वतः केलं. ह्या वयात कणगीत उतरली. वरून तिचा फक्त हात दिसायचा, मातीचा गोळा मागणारा. "दे. अजून दे. झोपनी का वं कोकिळा?" चार बोटं लावून तिनं कणगीच्या आतल्या अंगालाही ओकळ्या काढल्या. आत कोण बघणार होतं? तिला बघायला कुणी लागत नाही.

कणगी उन्हात कडक वाळली. माजघरात आणून ठेवली, तिच्यात दादर ओतली, वर कडुनिंबाचा पाला, वर मातीचं झाकण. भिंत चोपडी झाली, चुना झाला, नीळ झाली. मोठे साहेब आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, हाताला चुना लागला, तो रुमालाला पुसला आणि गेले. आमचं नाव त्यांनी विचारलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मीनाच्या मैत्रिणी माहेरी आल्या, झोके बांधले. लग्न जवळ आलं होतं. नव्या दादरीच्या भाकरी आम्ही खायला लागलो होतो. सुरुपसिंगच्या घरी टोपली गेली होती. त्याची बायको गरोदर होती, ती त्याच भाकरी खात होती.

पहिल्यांदा सुरुपसिंगच्या कोंबड्या गेल्या. माती चाळली होती त्या जागेवर त्या दिवसभर उकरत असायच्या. तो सकाळी ओट्यासमोर येऊन उभा राहिला.

"मन्ह्या कोंबड्या मरी ग्यात, माय. पाय झाडीसन मरी ग्यात."

चुनीलाल म्हणाला, रोग आला असेल. कोंबड्यांना रोग येतातच.

मग आमची मांजर. ती कणगीवर निजायची, मातीचं झाकण गार असायचं. उठली की अंग चाटायची. एक दिवस ती चुलीजवळ आली आणि तिचे पाय कापायला लागले. थंडी वाजल्यासारखे, पण वैशाखात थंडी कुठली. मीनानं दूध ठेवलं तर तोंड दुधापर्यंत नेता येईना, मान लटलट हलायची. संध्याकाळी गेली.

सासूनं मांजरीकडं बघितलं, मग कणगीकडं. ती उठून कणगीजवळ गेली आणि तळहात टेकवून उभी राहिली. मग हात धुतला. पुन्हा धुतला.

"कोकिळा, भाकरी थांबाड."

थांबवली. आमचं कुणाचं पोट दुखलं होतं का? दुखलं होतं. मीनाचं दुखलं, मला मळमळलं. आंब्यानं की दादरीनं, हे मला कुठून कळणार? सुरुपसिंगच्या बायकोला उलट्या झाल्या. पोटुशी बाई, उलट्या व्हायच्याच. ह्यात किती तुमच्या पावडरीचं आणि किती देवाचं, हे सांगणारं माणूस गावात नव्हतं.

लग्न तोंडावर, पाहुण्यांना जेवू काय घालायचं, आणि वर्षभर आम्ही काय खायचं? घरात तेव्हा एवढा एकच प्रश्न होता, ही दादर खायची की नाही. बाकी सगळे त्याच्या पाठीमागे.

चुनीलालनं रस्ता काढला. बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"इकी टाकूत. नंदुरबारले नेईसन. बाजारमा कोन इचारस, भिंतनी माती कोठे लागनी?"

मी म्हटलं, "आणि जो घेईल त्याच्या घरी मांजर नाही, म्हणून त्याला कळणार नाही. असंच ना?"

"मंग सुरुपसिंगले देई टाक. त्यानं ते खादीच शे."

हे वाक्य माझ्या नवऱ्यानं बोललेलं आहे. मी ते लपवत नाही. शिकलेला, पगारी, बायकोवर कधी हात न उचललेला माणूस, तो हे बोलला. तुमची सावली माणसावर पडली की असं होतं. विचारायला गेलो तर कुणी उत्तर देत नाही, मग प्रत्येक जण खालच्या माणसाच्या ताटात ढकलतो.

सासू ताक घुसळत होती. तिनं रवी ठेवली.

"तुले काय खावाडीसन मोठा करं रे मी, चुन्या? हाई बोलनं कोठून शिकना?"

तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, गाडी जुंप, नंदुरबारला जायचं. ज्यानं सांगितलं त्यालाच विचारू.

पहाटे मी कणगीतली मूठमूठ दादर काढून दळली आणि भाकरी थापल्या. सासूनंच थापायला लावल्या. "इचारानं ते नीट इचारानं," एवढंच म्हणाली. फडक्यात बांधल्या, वर लाल मिरचीचा ठेचा. सुरुपसिंगनं गाडी हाकली. उन्हाळ्याची तापी, बैल पोटापर्यंत पाण्यात शिरले आणि निघाले. चुनीलाल आला नाही.

तुमच्या ऑफिसाबाहेर दोधू नावाचा शिपाई स्टुलावर बसला होता. आमच्याकडं बघून म्हणाला, "साहेब कामात आहेत."

सासू म्हणाली, "आम्ही बी काममाच शेतस. सरक."

सुरुपसिंगला त्यानं अडवलं. तो बाहेर थांबला. आम्ही आत आलो. तुम्ही ओळखलंत. आधी ओळखलंत, मग न ओळखल्यासारखं केलंत. मी सगळं सांगितलं, भिंत, माती, कणगी, कोंबड्या, मांजर. तुम्ही ऐकता ऐकता पेन उघडत होतात आणि मिटत होतात.

"पण कणगीला लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही. काय वाटेल ते करा म्हणालात."

"मी असं म्हणणार नाही. आणि समजा म्हटलं असेल, तर धान्याला लावा असं थोडंच म्हटलं?"

"धान्याला लावू नका असंही नाही म्हटलं," मी म्हटलं. "दरवर्षी पीठ झाका म्हणून ओरडत येता. का झाका हे एकदा तरी सांगितलं असतंत?"

"बाई, आवाज खाली. हे सरकारी ऑफिस आहे."

"म्हणूनच इथं आलो. देवळात गेलो असतो तर पुजाऱ्यानं अंगारा तरी दिला असता."

सासूनं मला हातानं गप्प केलं. फडकं सोडलं आणि भाकरी तुमच्या टेबलावर ठेवली. कागदांच्या वर.

"सायेब, माले कायदा समजस नही. मानूसले काही व्हत नही, आसं तुम्ही बोलनात. खरं शे ना?"

"खरं आहे. प्रमाणात असेल तर—"

"मंग खाई ल्या. तीच दादर शे. सकायनी थापेल शे."

तुम्ही भाकरीकडं बघितलंत. "मी आत्ताच जेवलो."

"एक घास."

"मला ज्वारी पचत नाही."

"एक कन."

"आज माझा उपास आहे."

"आत्ताच जेवलात ना?" मी म्हटलं.

दारात उभा असलेला दोधू खुसकन हसला. तो खाऊन-पिऊन सुखी, मोकळा माणूस. बहुतेक तुमची अडचण सोडवावी असं त्याला वाटलं असेल. पुढं येऊन म्हणाला, "आणा माय, मी खातो. दादरीची भाकर आणि ठेचा, कोण सोडतं?" आणि त्यानं हात घातला.

"हात लावू नको त्याला!"

केवढ्यानं ओरडलात तुम्ही. खुर्ची मागं सरकली. दोधूचा हात तिथल्या तिथं थांबला, मग त्यानं तो सदऱ्याला पुसला. बाहेरचे कारकून माना वर करून बघायला लागले.

मग तुम्ही सावरलात. "म्हणजे, ऑफिसात खाद्यपदार्थ खायचे नसतात. तसा नियम आहे."

सासू कितीतरी वेळ तुमच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. सोयरिकीला आलेल्या मुलाकडं बघतात, तसं नीट बघितलं.

"तुम्हना शिपाई वाचना," ती म्हणाली. "आते मन्हं घर सांगा. आम्ही खाऊ का नको?"

"मी वर विचारतो."

"वर कोन शे?"

"वरिष्ठ."

"त्यास्नी भाकर खादी का कधी दादरनी?"

तुम्ही घंटी वाजवली. दोधू समोरच उभा होता, तरी वाजवलीत. मी म्हटलं, खाऊ नका असं म्हणायचं असेल तर ते तरी म्हणा, आम्ही घरी जाऊ. तर तुम्ही म्हणालात, तसं म्हणता येणार नाही, लोकांत घबराट पसरेल, कार्यक्रमाला बाधा येईल. मग खा म्हणा, मी म्हटलं. तेही तुम्हाला म्हणता आलं नाही. साहेब, हो आणि नाही ह्यांच्या मधे तुम्ही जी जागा शोधलीत तिथं कणगी ठेवता येत नाही.

भाकरी सासूनं परत फडक्यात बांधली. बाहेर येऊन सुरुपसिंगला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यानं फक्त विचारलं, "मन्ही बायकोनी खादी, तिन्हं काय?" तो बैल जुंपायला गेला.

लग्न झालं. विहिणीच्या पंगतीला काय वाढलं ह्याची चौकशी पुढं गावभर झाली, तेव्हा आताच सांगते. गावातल्या घराघरांतून दादरीच्या टोपल्या आल्या, कुणाला मागावं लागलं नाही. आणि सासूनं मांडवात, सगळ्यांसमोर, नवरदेवाच्या बापाला सांगितलं की आमच्या कणगीत औषध गेलंय, ही भाकर शेजारची आहे. चुनीलालनं मान खाली घातली. इतकी वर्षं जपलेली त्याची चोपड्या भिंतीची हौस त्या मांडवात मातीत गेली. व्याही शांतीलाल मिशीला हात लावून म्हणाले, "विहीणबाई, भाकर कोन्ही बी ऱ्हाऊ द्या, पोरगी तेवढी तुम्हनीच द्या." मांडव हसला. मीनाही हसली, घुंगटाच्या आत.

पावसाळ्यानंतर तुमचे पंपवाले पुन्हा आले. सासू दारात आडवी बसली. ओट्याच्या दोन्ही खांबांना हात लावून. पंपवाल्या पोरानं हात जोडले, आजी, आमची नोकरी जाईल. ती म्हणाली, गूळ खा, पाणी पी, पण आत नाही. आधी कणगीचं सांगा, मग भिंतीला हात लावा. तुमचा निरीक्षक आला, खटला भरीन म्हणाला. मी म्हटलं, भर. कोर्टात तरी कुणीतरी विचारेल की ती दादर खायची की नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. खटला आला नाही. का आला नाही हे आम्हाला समजतं.

गावात काही जण म्हणतात, अनुसयाबाईनं फवारणी अडवली, आता डास होतील, पोरं तापतील, पाप तिच्या माथ्यावर. होतील कदाचित. ते पाप आम्ही घेऊ. पण अर्धं तुमच्याकडं पाठवू, कारण आम्ही दार बंद केलं नव्हतं. तुम्ही तोंड बंद केलंत.

सुरुपसिंगच्या बायकोला मुलगी झाली. बारीक आहे. बाकी बारीकच असतात त्यांच्याकडची पोरं, असं तुमचे डॉक्टर म्हणाले. न बघता म्हणाले. ह्या वर्षीची त्याची दादर आम्ही दुसरीकडून आणून घातली. चुनीलाल स्वतः घेऊन गेला, डोक्यावर टोपली. मी त्याला पाठवलं नव्हतं. परत येऊन तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "लिही तू. मन्हं नाव बी लिही." म्हणून लिहिलं.

कणगी अजून माजघरात उभी आहे, त्या निळ्या भिंतीला टेकून. भिंतीचा चुना आता पोपडे धरून पडतो, मातीवर तो टिकत नाही. पण तो आमचा आम्ही बघू. दादर आत आहे. जाळली तर धूर गावावर जातो. तापीत सोडली तर खालच्या गावांना पोचते. शेतात पुरली तर विहीर तिथंच. गुरांना घातली तर दूध आम्हीच पिणार. उंदरांनी एका बाजूनं पोखरायला घेतलं होतं. ते आता येत नाहीत.

साहेब, दादर खायची की नाही? नसेल खायची, तर ती कुठं टाकायची? आणि जी खाल्ली, सुरुपसिंगच्या बायकोनं, मीनानं, मी, तिचं काय? वर विचारतो म्हणू नका. वर जो असेल त्यालाच हे वाचून दाखवा आणि त्याच्या तोंडून एक शब्द घेऊन या, हो किंवा नाही. आम्ही दारात बसलो आहोत. बोला.